मूल अडतं ते भाषेला की कल्पनेला? आपल्याच वर्गात करायचं गणित-विज्ञानाचं संशोधन

दोन दिवे एकाच तारेवर, एकापुढे एक जोडलेत. पहिल्या दिव्यातून करंट जास्त जातो, दुसऱ्यातून जास्त जातो, की दोन्हींतून सारखाच? नववीच्या वर्गात हा प्रश्न विचारला की माझ्या बेळगावजवळच्या खानापूरकडच्या मुलांचं उत्तर ठरलेलं असतं. "पयला दिवा थोडा करंट खातोय की टीचर, मग फुडच्याला कमीच जाणार." पुष्कळ वर्षं मी हे उत्तर ऐकलं, "चूक" म्हटलं आणि फळ्याकडे वळले. मूल 'खातोय' का म्हणतं, हे विचारायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

आपल्याकडे वीज गेली की "करंट गेला", आली की "करंट आला". रानात थ्री फेज करंट रात्री येतो, मोटार जास्त करंट खाते, बिल जास्त येतं. घरातला 'करंट' हा शब्द विजेला, ऊर्जेला आणि प्रवाहाला एकदमच लागू होतो. ऊर्जा दिव्यात खर्च होते हे खरंच आहे. म्हणजे मुलाचं वाक्य ऊर्जेबद्दल बरोबर आणि प्रवाहाबद्दल चूक, कारण प्रवाह दोन्ही दिव्यांतून सारखाच जातो. पुस्तक त्यालाच 'विद्युतप्रवाह' म्हणतं, आणि एसएसएलसीनंतर, म्हणजे दहावीनंतर, पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला गेलं की तोच शब्द इंग्रजीतून समोर येतो. एका कल्पनेसाठी मूल तीन उंबरे ओलांडतं. ते कुठल्या उंबऱ्याला ठेचकाळलं, हे शोधणं म्हणजेच मी सांगते ते संशोधन. त्याला विद्यापीठ लागत नाही. एक वही, काही कागद आणि दहा-बारा आठवडे पुरतात.

बी.एड.ला आपण सगळ्यांनी कृतिसंशोधन, म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गातल्या अडचणीवर करायचं संशोधन, केलेलं असतं. कल्पना जुनी आहे, मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये ती मांडली. पण आपल्याकडे ती पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि रंगीत फाईल एवढ्यावर येऊन थांबली. खाली जे लिहिते आहे ते बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलांतल्या शिक्षकांसाठी, फाईल बाजूला ठेवून.

आधी प्रश्न लहान करा

"विद्यार्थ्यांची गणितातील भीती दूर करणे" हा विषय घेऊ नका. तो कधी सुटला हे तुम्हाला कळणारच नाही. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर चार-पाच वाक्यांत देता येईल. 'माझ्या नववीतली मुलं १.२५ ला १.३ पेक्षा मोठं का म्हणतात?' हा चांगला प्रश्न. 'करंट दिव्यात संपतो असं किती मुलांना वाटतं, आणि चित्र दाखवून विचारलं तरी तसंच वाटतं का?' हाही चांगला.

वर्ग नववीचा घ्या. दहावीला परीक्षेचं ओझं असतं, त्या मुलांचा वेळ प्रयोगासाठी घेणं मला पटत नाही. धडा दहावीत असला तरी हरकत नाही. कल्पना धड्याच्या किती तरी आधी मुलाच्या डोक्यात बसलेली असते, आणि धडा शिकवण्यापूर्वी ती दिसली तर जास्त उपयोगाची. जूनमध्ये वर्ग स्थिरावू द्या, जुलैत सुरुवात करा, म्हणजे दसऱ्याच्या सुट्टीआधी मुख्य काम उरकतं. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या मुलांची हजेरी तुटते, हे धरूनच आठवडे मोजा.

मुख्याध्यापकांना आधी सांगा आणि एका पानावर लेखी परवानगी घ्या. पालकसभेत पालकांनाही सांगा. वहीत मुलांची नावं लिहू नका, म१, म२ असे खुणेचे आकडे द्या आणि नावांची यादी वेगळी, कुलपात ठेवा. आज चुकीचं उत्तर देणारं मूल उद्या गावात त्या उत्तरावरून ओळखलं जाता कामा नये.

चुकांची वही

पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका. नेहमीसारखंच शिकवा, फक्त चुकीची उत्तरं जशीच्या तशी उतरवून घ्या. 'म१४ ला दशांश अपूर्णांक येत नाहीत' ही नोंद नव्हे, तो निकाल झाला. 'म१४: एक पॉइंट पंचवीस मोठं, कारण पंचवीस तिनापेक्षा मोठे' ही नोंद. शब्द मुलाचेच ठेवा, बोलीतले, मधे कन्नड शब्द आला तर तोही. आपल्या वर्गात काही मुलांच्या घरी कोकणी असते, काहींच्या कन्नड, काहींच्या उर्दू. मराठी माध्यमात बसलेल्या प्रत्येकाची घरची भाषा मराठीच असते असं धरून चालू नका. पहिल्या पानावर प्रत्येक आकड्यापुढे घरी काय बोलतात ते लिहून ठेवा, पुढे त्याची गरज पडते.

दोन आठवड्यांनी वही वाचायला बसा. चुका विखुरलेल्या नसतात, त्यांचे कळप असतात. दशांशाचीच गोष्ट घ्या. १.२५ आपण 'एक पॉइंट पंचवीस' असं वाचतो आणि वाचण्यातच चूक पेरतो. आजी त्याला 'सव्वा' म्हणते, २.७५ ला 'पावणेतीन' म्हणते, आणि तिची लहान-मोठ्याची गल्लत होत नाही. त्यात भर क्रिकेटची. ४.३ षटकं म्हणजे चार षटकं आणि तीन चेंडू, ४.५ नंतर एक चेंडू टाकला की ५ होतात. मूल हा हिशेब रोज अचूक करतं, आणि तोच नियम गणिताच्या तासाला लावलं की चुकतं. रुपये-पैशांतही टिंबाच्या उजवीकडचं पंचवीस म्हणजे पंचवीस पैसेच असतात. या तिन्ही सवयी मुलाने व्यवहारात कमावलेल्या आहेत, आळसाने आलेल्या नाहीत. मी नंतर डेअरीच्या पावत्या वर्गात आणल्या. फॅट ४.०५ चांगलं की ४.१, हे दूध घालणाऱ्या घरातल्या मुलांना दर कितीने वाढतो त्यावरून सांगता आलं, आणि वाद त्यांनीच आपसात मिटवला.

तीन कागद

आता या कामाचा गाभा. तुमचा प्रश्न तीन प्रकारे लिहा.

'क' कागदावर फक्त चित्र किंवा आकडे, शब्द जवळजवळ नाहीत. दिवे, तारा, सेल काढा, दोन ठिकाणी बाण दाखवा आणि 'जास्त / कमी / सारखा' यापैकी एकाला गोल करायला सांगा. 'ख' कागदावर तोच प्रश्न मुलांच्या बोलण्यातल्या शब्दांत. 'ग' कागदावर पाठ्यपुस्तकाच्या भाषेत, वाक्यरचनाही तशीच ठेवून.

छत्तीस मुलांचा वर्ग असेल तर हजेरी क्रमांक १, ४, ७ असे जाणाऱ्यांना क, २, ५, ८ ना ख, ३, ६, ९ ना ग. हुशार मुलं एका बाजूला पडत नाहीत. एका कागदाला बारा मुलं येतात, आणि बारांच्या गटात दोघा-तिघांचा फरक म्हणजे काहीच नव्हे. म्हणून तिथे थांबू नका. पुढच्या आठवड्यात दुसरा प्रश्न घ्या आणि कागद फिरवा, ज्यांना क मिळाला होता त्यांना ख. तिसऱ्या आठवड्यात तिसरा प्रश्न आणि पुन्हा फिरवा. आता प्रत्येक मुलाने प्रत्येक प्रकारचा एक कागद सोडवला, आणि प्रत्येक प्रश्न तिन्ही प्रकारे विचारून झाला. तीन प्रश्न साधारण एकाच अवघडपणाचे निवडणं एवढंच जड काम आहे. त्यासाठी शेजारच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षकाकडून ते आधी वाचून घ्या.

निकाल असा वाचायचा. क आणि ख जमतात, ग चुकतो: अडसर भाषेचा आहे, कल्पना ठीक आहे. तिन्ही चुकतात: कल्पनेतच गाठ आहे, शब्द सोपे करून ती सुटणार नाही. ग जमतो आणि क चुकतो: हे प्रकरण सगळ्यांत काळजीचं, कारण मुलाने वाक्य पाठ केलंय आणि परीक्षेत त्याला गुणही मिळणार आहेत.

या तिसऱ्या प्रकाराची परीक्षा घ्यायला बेळगावसारखी जागा नाही. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो, म्हणजे इथे पाणी ९७.५ अंशांच्या आसपास उकळतं. आधी तापमापी वितळत्या बर्फात धरून शून्य दाखवते का ते पाहा, मग मुलांना उकळत्या पाण्याचं तापमान स्वतः वाचून लिहायला सांगा. माझ्या वर्गात डोळ्यांनी ९७-९८ पाहणारी मुलं वहीत १०० लिहीत होती. एका मुलीने तर ९८ खोडून १०० केलं होतं. विचारलं तर म्हणाली, "तापमापी बिघडल्या असणार टीचर, पुस्तकात शंभरच हाय." त्या खोडलेल्या ९८ ला मी आजही त्या वर्षाची सगळ्यांत मोलाची नोंद मानते.

भाषेचा अडसर हा काही माझा शोध नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या कुलकर्णी आणि गंभीर यांनी १९८१ मध्येच त्यावरचं काम मांडलं होतं. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली की मुलांना विषय जास्त कळतो, हे त्यांनी दाखवलं. आपल्या सीमाभागात मात्र 'सोपी' म्हणजे कोणाची सोपी, हा प्रश्न उरतो. पुण्याच्या मुलाला सोपी वाटणारी मराठी कणकुंबीच्या मुलाला तशीच वाटेल असं नाही. म्हणून ख कागद तुम्हीच लिहायला हवा, चुकांच्या वहीतले शब्द घेऊन.

सहापटीचा प्रश्न: तयार नमुना

कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर हा घ्या. १९८१ मध्ये क्लेमंट, लॉकहेड आणि मंक यांनी अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारलं: प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, समीकरण लिहा. ३७ टक्के मुलं चुकली, आणि बहुतेकांची चूक एकच: ६वि = प्रा (हवं होतं ६प्रा = वि). इंग्रजी वाक्यात 'सहापट' आणि 'विद्यार्थी' हे शब्द लागून येतात, त्याच क्रमाने मुलांनी समीकरण उतरवलं, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

मराठीत काय होतं? 'शिक्षकांच्या सहापट विद्यार्थी आहेत.' इथे 'सहापट' शिक्षकांना चिकटलं आहे. शब्दांच्या क्रमाने गेलं तर शि × ६ = वि, म्हणजे बरोबरच उत्तर. पण तेच 'एका शिक्षकामागे सहा विद्यार्थी आहेत' असं लिहा, आणि मुलं १शि = ६वि लिहिण्याकडे ओढली जाऊ शकतात. मग अर्ध्या वर्गाला पहिलं वाक्य द्या, अर्ध्याला दुसरं, आणि चुका मोजा. मराठी वाक्यरचनेने ही चूक कमी होते का, वाढते का, हे तुमच्या वर्गापुरतं तुम्हाला ठाऊक होईल. ज्यांच्या घरी कन्नड आहे त्यांचे आकडे वेगळे काढून पाहा. उत्तर तपासायची सवय आहे का हेही बघा: पाच शिक्षक धरले तर तीस विद्यार्थी, हे आकडे स्वतःच्या समीकरणात घालून पाहणारी मुलं किती?

मुलाखत

कागद सांगतात किती मुलं चुकली. का चुकली ते मुलालाच विचारावं लागतं. पाच-सहा मुलं निवडा, वेगवेगळ्या चुकांची, आणि एक-दोन बरोबर उत्तर देणारीही. प्रत्येकाला दहा मिनिटं. स्टाफरूममध्ये घेऊ नका, तिथे मूल आकसतं. आवारातल्या झाडाखाली बसा, शक्य तर शेजारी बसा, समोर नको.

"हे कसं काढलंस ते मला सांग, मला शिकायचंय" एवढ्यावर सुरुवात करा. आणि मग थांबा. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण करून पाहिलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. तीन सेकंदांवर गेलं की मुलांची उत्तरं लांब होऊ लागली, गप्प मुलं बोलू लागली. तीन सेकंद मनात मोजून बघा, फार लांब वाटतात. मला ते जमायला एक अख्खी सहामाही लागली.

मान डोलवू नका, "बरोबर" म्हणू नका, चूक दुरुस्त करू नका. शिकवण्याचा हात आवरणं हेच यातलं अवघड. मूल मधेच कन्नड किंवा कोकणीत गेलं तर जाऊ द्या. तुम्हाला कळलं नाही तर वर्गातल्या त्याच्याच मित्राला अर्थ विचारा. शब्द तिथेच टिपा, संध्याकाळपर्यंत ते तुमच्या मराठीत बदलून जातात.

कधी कधी चुकीचं उत्तर मुलापेक्षा फार मोठ्या माणसाचंही निघतं. मी विचारलं होतं, उसाच्या लागणीला इवलासा डोळा लावतो, आणि तोडणीला एवढं वजनदार पीक उभं असतं, ते वजन आलं कुठून? बहुतेक म्हणाले माती आणि खत. एकजण म्हणाला, पाणी. हेच उत्तर व्हान हेल्माँट या शास्त्रज्ञाने काढलं होतं, त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये ते छापलं गेलं. कुंडीत विलोचं झाड लावून पाच वर्षं त्याने फक्त पाणी घातलं. झाड ५ पौंडांवरून १६९ पौंडांवर गेलं, आणि २०० पौंड मातीतले जेमतेम दोन औंस घटले. माती नव्हे हे त्याने सिद्ध केलं, हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र त्याच्या हिशेबात आला नाही. पाणी म्हणणाऱ्या त्या मुलाला मी ही हकिगत मुलाखतीनंतर सांगितली. पुढचा आठवडाभर तो दरवर्षी मातीचं वजन करायचं कसं, याच विचारात होता.

शिकवण्यात एकच बदल, आणि मोजणी

आता कुठे शिकवण्याला हात लावा, आणि एकाच गोष्टीला. अडसर भाषेचा निघाला असेल तर धड्याआधी शब्द समोरासमोर ठेवा: घरचा, पुस्तकातला, आणि पीयूसीत भेटणारा, तिन्ही फळ्यावर शेजारी. कल्पनेचा निघाला असेल तर मुलांना आधी भाकीत करायला लावा, मग दोन अमीटर (प्रवाह मोजायची यंत्रं) दिव्याच्या अलीकडे-पलीकडे लावून दाखवा. चित्रं, गाणी, गटकाम, व्हिडिओ सगळं एकदम केलं तर कशाने गुण आला ते सांगता येत नाही.

दोन तुकड्या असतील तर एका घटकाला अ तुकडीला नवी पद्धत, ब ला जुनी, आणि पुढच्या घटकाला उलट. म्हणजे कुठलंच मूल वंचित राहत नाही.

मोजणीला संगणकाची गरज नाही. आधी चूक आणि नंतर बरोबर अशी मुलं किती, आधी बरोबर आणि नंतर चूक अशी किती, एवढे दोन आकडे काढा. जी बदललीच नाहीत त्यांना यात धरायचं नाही. समजा सुधारली ९ आणि घसरली २. अकरा वेळा नाणं उडवलं तर नऊ किंवा जास्त वेळा छापा पडणं शंभरात तीनदाच होतं, म्हणजे हा बदल सहसा योगायोगाने घडणारा नाही. सुधारली ६ आणि घसरली ५ असं असेल तर काहीही घडलेलं नाही, आणि तसंच लिहा. घसरलेल्या दोघांना मात्र विसरू नका. आपल्या नव्या पद्धतीने कोणाचं तरी बिघडलं असेल, तर ते आपल्यालाच आधी कळायला हवं.

आणि चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा विचारा, न सांगता. हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते. माझ्या पहिल्या कृतिसंशोधनात पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीला प्रश्नपत्रिका एकच होती. गुण छान वाढले, कौतुक झालं, फाईल कपाटात गेली. दोन महिन्यांनी तीच आकृती उलटी काढून विचारली, आणि वर्ग पुन्हा होता तिथे. मुलांनी माझी प्रश्नपत्रिका पाठ केली होती. त्या दिवशी फाईल काढून मी पहिल्या पानावर तसं लिहून ठेवलं. तेव्हापासून उत्तरचाचणीत आकडे बदललेले, आकृती फिरवलेली आणि निदान एक प्रश्न कधीच न पाहिलेला असतो.

लिहून काढणं

चार पानं पुरतात: प्रश्न काय होता, मुलं कोण, कागद कसे दिले, आकडे काय आले. पाचवं पान फक्त मुलांच्या वाक्यांचं ठेवा, खुणेच्या आकड्यांसह, त्यांच्याच बोलीत. शाळांच्या केंद्राच्या बैठकीत किंवा डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) प्रशिक्षणात बोलायची संधी मिळाली तर आकड्यांआधी तेच पान वाचा. ऐकणारे शिक्षक लगेच म्हणतात, "आमच्याकडची पोरं पण असंच म्हणतात." तिथेच त्यांच्या हातात तीन कागदांचा संच द्या. दोन-तीन शाळांनी तेच कागद वापरले तर छत्तीसची शंभरावर मुलं होतात, निपाणीचं आणि जांबोटीचं मूल एकाच शब्दाला अडतं की वेगळ्या, हे दिसू लागतं.

एक काम मात्र मी अजून पुरं केलेलं नाही. त्याच मुलांना पीयूसीच्या पहिल्या वर्षी गाठून तोच दिव्यांचा प्रश्न इंग्रजीत विचारायचा, चित्रासह आणि चित्राशिवाय. या वर्षी दहावीतून बाहेर पडणाऱ्या अकरा मुलांच्या घरी जाऊन पालकांची परवानगी घेतली आहे. चौथा कागद तयार आहे, त्यावर दिवे तेच आहेत आणि बाणही तेच.